नागपूर आणि सर्वांत आखूड फेरी

विदर्भाचे स्वतःचे अष्टविनायक आहेत. नागपूरचा टेकडी गणपती, सावनेर तालुक्यातील अदासा येथील शमी विघ्नेश, रामटेकचा अठराभुजा, भंडाऱ्यात मेंढ्याचा भृशुंड, पवनीचा सर्वतोभद्र, भद्रावतीचा वरदविनायक, यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा चिंतामणी आणि वर्धा जिल्ह्यातील केळझरचा एकचक्रा गणेश. नागपूरहून निघायचे, उरलेल्या सात ठिकाणी एकेकदाच जायचे आणि परत नागपूरला यायचे. कोणत्या क्रमाने गेले तर रस्ता सर्वांत कमी पडेल? गणितात या प्रश्नाला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. सात ठिकाणांचे क्रम ५,०४० होतात. तीच फेरी उलट्या दिशेने केली तरी अंतर तेवढेच, म्हणून वेगळ्या फेऱ्या उरतात २,५२०. इथे मात्र नकाशा समोर ठेवला की उत्तर नजरेनेच सापडते. आधी वायव्येला अदासा, मग पूर्वेकडे रामटेक आणि भंडारा, खाली पवनी, दक्षिणेला भद्रावती, पश्चिमेला वळून कळंब आणि परतीच्या वाटेवर केळझर. आठ ठिकाणांचे एक ओबडधोबड कडे तयार होते आणि वाट कुठेही स्वतःला छेदत नाही.

पुण्याभोवतीच्या अष्टविनायकांची गोष्ट वेगळी आहे. परंपरेचा क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि पुन्हा मोरगाव असा सांगितला जातो. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, पाली घाटाखाली रायगड जिल्ह्यात. म्हणजे दुसऱ्या गणपतीहून तिसऱ्याकडे जाताना पुण्याजवळचे थेऊर मागे टाकून पुढे जायचे आणि नंतर त्यासाठी परत यायचे. या क्रमाचा निकष अंतर हा नाही, विधी हा आहे. यात्रेच्या गाड्या बहुधा अंतराचा क्रम धरतात, आणि ज्यांना विधी पाळायचा आहे ते जुना क्रम धरतात. दोघांचे उत्तर आपापल्या प्रश्नाला बरोबर आहे. फेरी आखण्याआधी काय वाचवायचे आहे हे ठरवावे लागते, ही गोष्ट यात्रेकरूंना गणितज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होती.

वाटा आणि अंतरे यांचा हिशेब नागपूरला नवा नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. वीस वर्षे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला, आणि त्याची कबर तिथेच आहे. ज्या माणसाने उपखंडाच्या अंतरांना पहिल्यांदा भरवशाचे आकडे दिले, तो वर्धा जिल्ह्याच्या मातीत विसावला आहे, हे विदर्भातल्या शाळांतून आवर्जून शिकवले जायला हवे.

नागपुरातला झिरो माइलचा दगड याच सर्वेक्षणाच्या परंपरेतला. वालुकाश्माचा स्तंभ, शेजारी चार घोडे, आणि त्यावर हैदराबाद, जबलपूर, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे. देशाचा मध्यबिंदू हाच आणि साऱ्या हिंदुस्थानची अंतरे इथूनच मोजली गेली, अशी समजूत रूढ आहे. पण तिथल्या १९०७ सालच्या खुणेचे खरे काम उंचीचे आहे. समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट, ही नोंद सर्वेक्षणाला हवी होती. समजूत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: नागपूर देशाच्या मोठ्या शहरांच्या जवळपास मधोमध आहे, आणि या मधोमध असण्याने शहराचा पुढचा इतिहास घडवला.

रेल्वे त्याची पहिली साक्ष. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून नागपूरला १८६७ मध्ये पोहोचला. मुंबई ते कलकत्ता ही सलग रेल्वे १८७० मध्ये झाली ती अलाहाबादवरून, म्हणजे बराच वळसा घेऊन. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने छत्तीसगडकडे जाणारा आधीचा मार्ग ताब्यात घेऊन पूर्वेकडे वाढवला, आणि नागपूरवरून कलकत्त्याला जाणारी जवळची वाट खुली झाली. बल्लारशाह ते काझीपेट हा दुवा १९२९ पर्यंत जुळला, तेव्हा दिल्ली ते मद्रास ही उभी वाटही नागपूरवरून जाऊ लागली. आडवी आणि उभी अशा दोन्ही वाटा एका स्थानकात भेटल्या.

या मध्याचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र टपालखात्याने केला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान इतर तीन शहरांची पत्रे घेऊन आपल्या गावी परतलेले असे. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पोस्टात असे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याचे धोरण आले, त्यामुळे ही सोय श्रीमंतांपुरती राहिली नाही.

या योजनेचे गणित पाहण्यासारखे आहे. चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीसाठी सरळ विमान ठेवायचे तर रोज सहा मार्ग चालवावे लागले असते. मध्ये नागपूर घेतल्यावर चार मार्ग पुरले. नागपूरहून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली साधारण ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९७० च्या आसपास. अंतरे इतकी सारखी असल्यामुळेच चारही डकोटा विमाने थोड्याफार फरकाने एका वेळी पोहोचू शकत. याची किंमत पत्राला मोजावी लागे: मुंबई ते दिल्ली सरळ गेले तर सुमारे १,१५० किलोमीटर, नागपूरवरून गेले तर १,५०० च्या वर. पण पत्र झोपेच्या वेळेत प्रवास करत असल्याने त्या वळशाची झळ कोणाला लागत नसे. शिवाय एका विमानाला उशीर झाला की चारही शहरांच्या टपालाला तो भोवत असे, कारण सगळे एकाच गाठीशी बांधलेले होते.

सेवेने जीवही घेतले. देशातल्या खासगी विमान कंपन्यांचे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपूरहून उड्डाण करताना या सेवेचे डकोटा कोसळले आणि तेराजण मृत्युमुखी पडले. वाचला तो फक्त वैमानिक. त्यानंतरही वीस वर्षे विमाने रोज रात्री सोनेगावला भेटत राहिली. ऑक्टोबर १९७३ मध्ये सेवा बंद झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस शहर मध्यभागी धरून फेडेक्स कंपनीने रात्रीची पार्सलसेवा सुरू केली आणि पुढे ती पद्धत जगभर नावाजली गेली. नागपूरने तीच रचना चोवीस वर्षे आधी रोज चालवून दाखवली होती. नागपूरच्या इतिहासाच्या पुस्तकांत संत्री आणि कापसाला जेवढी जागा मिळते, तेवढी या विमानांनाही मिळायला हवी.

मध्य सापडला की प्रश्न सुटतो, असा हा प्रकार होता. पण ज्याला स्वतः ठिकठिकाणी जावे लागते त्याला मध्याचा उपयोग नाही. औषधांचा प्रतिनिधी, तपासणीला निघालेला अधिकारी, दुकानांना माल पोहोचवणारा टेम्पो यांना प्रत्येक ठिकाणाहून मधल्या गावी परत येणे परवडत नाही. त्यांना फेरीच करावी लागते. गल्लीतल्या पोस्टमनचा प्रश्न आणखी निराळा. त्याला ठरावीक बिंदूंवर नव्हे, प्रत्येक रस्त्यावरून जायचे असते. चिनी गणितज्ञ ग्वान मेईगू यांनी १९६० मध्ये तो मांडला, आणि पुढे असे दिसले की तो मोठ्या शहरासाठीही भराभर सुटतो. दिसायला जुळा असलेला विक्रेत्याचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही.

का सुटत नाही, हे विदर्भाच्याच नकाशावर दाखवता येते. विदर्भात अकरा जिल्हे. नागपूरहून निघून उरलेल्या दहा जिल्ह्यांच्या ठिकाणी जाऊन परत यायचे तर वेगळ्या फेऱ्या होतात १८,१४,४००. संगणकाला हे काम क्षणाचे. आता महाराष्ट्राचे छत्तीसही जिल्हे घेतले, तर फेऱ्यांची संख्या चाळीस अंकी होते. सेकंदाला शंभर कोटी फेऱ्या तपासणारे यंत्र लावले तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे दहा लाख कोटी पट काळ लागेल. जिल्हे साडेतीन पटही वाढले नाहीत आणि काम क्षणावरून अशक्यावर गेले. या प्रश्नाचा सारा इतिहास म्हणजे ही भिंत टाळून पलीकडे कसे जावे याचा इतिहास आहे.

जर्मनीत १८३२ मध्ये फिरत्या विक्रेत्यांसाठी निघालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकात फेऱ्या कशा आखाव्यात याचा सल्ला आणि काही नमुना फेऱ्या दिलेल्या होत्या, गणित नव्हते. व्हिएन्नाचे गणितज्ञ कार्ल मेंगर यांनी १९३० मध्ये निरोप्याचा प्रश्न या नावाने तो मांडला आणि एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली: दर वेळी सर्वांत जवळच्या ठिकाणी जात राहिले तर सर्वांत आखूड फेरी मिळतेच असे नाही.

भारतात हा प्रश्न शेताच्या बांधावरून आला. बंगालमध्ये ताग किती क्षेत्रात पेरला जातो याचा अंदाज काढण्यासाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात नमुना पाहणी सुरू केली. निवडक ठिकाणी मोजणीदार पाठवायचे, तर पैशाचा आणि वेळेचा मोठा वाटा चालण्यातच जातो. किती ठिकाणे निवडली तर किती चालावे लागेल? १९४० मधल्या लेखात महालनोबिस यांनी दाखवले की प्रवास ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. भूभाग तोच ठेवून ठिकाणे चौपट केली तर प्रवास साधारण दुप्पट होतो. हा नियम पुढे १९५९ मध्ये तीन गणितज्ञांनी पक्का सिद्ध केला. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या पाहणीत वेगळी वाट धरली. फिरती पथके पाठवण्यापेक्षा गावोगावी आधीच असलेल्या महसुली कर्मचाऱ्यांकडून पीककापणीचे प्रयोग करून घेण्यावर त्यांचा भर होता. दोघांच्या वादात आकड्यांच्या अचूकतेचे मुद्दे अधिक होते, पण प्रवासाचा प्रश्नही त्याच्या मुळाशी होता. फेरी आखूड करायची की फेरीच टाळायची, असे ते दोन मार्ग. कृषिप्रधान देशासाठी सुखात्मे यांचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरला असे म्हणावे लागते.

अमेरिकेत १९५४ मध्ये डॅन्टझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन या तिघांनी ४९ शहरांची सर्वांत आखूड फेरी शोधली, आणि तिच्याहून आखूड फेरी असूच शकत नाही हेही सिद्ध केले. त्यांचे हत्यार रेषीय प्रायोजन (लिनिअर प्रोग्रॅमिंग) हे होते, म्हणजे रेषीय समीकरणांत मांडलेल्या अटी पाळून खर्च कमीत कमी ठेवण्याची रीत. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये कठीण प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात सर्व ठिकाणांतून एकेकदा जाणाऱ्या फेरीचा प्रश्न आला. त्या यादीतल्या एकाचीही जलद रीत सापडली तर सगळ्यांची सापडेल, आणि आजतागायत ती सापडलेली नाही. याच कार्प यांच्याकडे बर्कलेला नरेंद्र करमरकर यांनी पीएच. डी. केली. ग्वाल्हेरला जन्मलेल्या या मराठी गणितज्ञाने १९८४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना रेषीय प्रायोजनाची नवी जलद रीत दिली. विक्रेत्याचा प्रश्न तिने सुटला नाही, पण तो ज्या हत्याराने कोरला जातो त्या हत्याराच्या इतिहासात करमरकरांचे नाव कायमचे राहील.

सिद्धतेचा हा मार्ग खडतर. रोजच्या कामाला पुरेल अशी चांगली फेरी झटपट मिळवण्याचे मार्ग वेगळे. सर्वांत सोपा म्हणजे मेंगर यांनी ज्याबद्दल सावध केले तोच: जवळचे आधी. नागपूरहून निघून सर्वांत जवळचे भंडारा, मग गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा. प्रत्येक टप्पा शहाणपणाचा दिसतो. शेवटी प्रवासी विदर्भाच्या पश्चिम टोकाला बुलढाण्यात उभा असतो आणि नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर दूर राहते. वाटेत केलेली सारी काटकसर या परतीच्या टप्प्यात जाते.

अशी फेरी दुरुस्त करता येते. फेरीतला एक सलग तुकडा उचलायचा आणि उलटा जोडायचा. यवतमाळनंतरचा अमरावती ते बुलढाणा हा तुकडा उलटला तर यवतमाळहून आधी बुलढाणा, मग वाशिम, अकोला, अमरावती आणि नागपूर असा क्रम येतो. फेरी कमी होते. पण बुलढाण्याला जाताना वाशिम ओलांडावे लागते, म्हणून तेवढ्या दोन गावांची जागा बदलली की आणखी कमी होते. मग एक प्रश्न उरतो तो वर्ध्याचा. वर्धा चंद्रपूर आणि यवतमाळच्या मध्ये घ्यावे, की अमरावतीहून परतताना नागपूरच्या आधी? दोन्ही फेऱ्यांतला फरक इतका थोडा आहे की तो नजरेने ठरत नाही, रस्त्याचे किलोमीटर मांडूनच ठरवावा लागतो.

अकरा ठिकाणांना एवढी डागडुजी पुरते. शेकडो ठिकाणे असली की पुरत नाही. फेरी अशा अवस्थेला येते की कोणताही एक तुकडा उलटला तरी अंतर वाढतेच, आणि तरीही ती सर्वांत आखूड नसते. सुधारणा हवी असेल तर आधी काही बदल तोट्याचे करावे लागतात, तेव्हा कुठे पुढचा फायद्याचा बदल दिसतो. फक्त फायदा पाहणारी रीत इथेच अडकून पडते. इथून सुटण्याची युक्ती गणितातून आली नाही. ती भट्टीतून आली.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, पुण्यात तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी. पत्रा ठोकत गेले की तो कठीण आणि ठिसूळ होतो, ठोकतच राहिले तर तडकतो. म्हणून कारागीर मधूनमधून तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात, मग पुन्हा हातोडीखाली घेतात. उष्णतेने धातूतले अणू जागचे हलू लागतात, ठोक्यांनी बसलेला ताण सुटतो आणि ते नव्याने नीट रचले जातात. धातू किंवा काच तापवून निवू देण्याच्या या क्रियेला कारखान्यात ॲनीलिंग म्हणतात, शास्त्रीय मराठीत अनुशीतन. तांबे तापल्यावर पाण्यात बुडवले तरी चालते. पोलाद आणि काच मात्र सावकाशच निववावी लागते, घाई केली की पोलाद कडक होते आणि काच तडकते. सावकाश निवण्याचे महत्त्व स्वयंपाकघरातही दिसते. कढवलेले तूप ओट्यावर आपोआप निवू दिले की रवाळ होते. तेच घाईने थंड केले तर कणी धरायला वेळ मिळत नाही आणि ते गुळगुळीत थिजते. कणांना आपापली जागा शोधायला सवड मिळाली की रचना चांगली होते, एवढेच त्यातले तत्त्व.

या तत्त्वाचे गणित अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत मांडले गेले. लॉस अलामोस येथे निकोलस मेट्रोपोलिस, आरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर या पाचजणांनी १९५३ मध्ये, ठरावीक तापमानाला असलेल्या कणांचे वर्तन संगणकावर कसे पाहावे याची रीत दिली. एक कण थोडा हलवायचा. ऊर्जा घटली तर बदल स्वीकारायचा. वाढली तर लगेच नाकारायचा नाही, तापमानाच्या हिशेबाने सोडत काढायची आणि कधी स्वीकारायचा, कधी नाकारायचा. तीस वर्षांनी, १३ मे १९८३ च्या सायन्स नियतकालिकात आयबीएमचे स्कॉट कर्कपॅट्रिक, डॅनियल जेलाट आणि मारिओ वेकी यांनी तीच रीत विक्रेत्याच्या फेरीला आणि चिपवरचे भाग मांडण्याच्या कामाला लावली. ऊर्जेच्या जागी फेरीचे अंतर आले, कण हलवण्याच्या जागी तुकडा उलटणे आले, आणि तापमान हा प्रत्यक्षात नसलेला, हळूहळू कमी करत नेलेला एक आकडा झाला. म्हणून तिचे नाव सिम्युलेटेड ॲनीलिंग, म्हणजे आभासी अनुशीतन. ब्रातिस्लाव्हाचे व्लादिमीर चेर्नी हेही स्वतंत्रपणे त्याच युक्तीपाशी पोहोचले होते. त्यांचा लेख १९८५ मध्ये छापून आला.

रीत अशी चालते. छत्तीस जिल्ह्यांची कोणतीही फेरी घ्यावी, अगदी नागपूरहून सिंधुदुर्ग, तिथून गोंदिया आणि मग रायगड अशी वेडीवाकडी असली तरी चालेल. एक तुकडा उलटून पाहावा. अंतर घटले तर नवी फेरी ठेवावी. वाढले, समजा २० किलोमीटरने, तर तापमान पाहावे. ते किलोमीटरमध्येच मोजायचे. तापमान १०० असेल तर असा तोट्याचा बदल शंभरपैकी सुमारे ८२ वेळा स्वीकारला जातो, २० असेल तर ३७ वेळा, ५ असेल तर जेमतेम दोनदा. तापमान १ वर आले की जवळजवळ कधीच नाही. एका तापमानाला असे हजारो बदल करून पाहायचे, मग तापमान थोडे उतरवायचे, उदाहरणार्थ आधीच्या नव्वद टक्के, आणि पुन्हा तेच. सुरुवातीला फेरी मोकाट हिंडते, शेवटी फक्त सुधारणाच स्वीकारते.

या रीतीचा सर्वांत विलक्षण गुण मधल्या तापमानाला दिसतो. कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी पुंजक्यापुंजक्यांत पसरलेली ४०० ठिकाणे घेऊन तो दाखवला. तापमान जास्त असताना आधी मोठी रचना ठरते, म्हणजे कोणत्या पुंजक्यानंतर कोणता पुंजका. पुंजक्याच्या आतली वाट तेव्हा अजून विस्कटलेली असते, ती पुढे कमी तापमानाला ठरते. महाराष्ट्राच्या फेरीत याचा अर्थ असा: विदर्भानंतर मराठवाडा की खान्देश, आणि कोकण कुठून उतरायचे, हे आधी पक्के होते. वर्ध्याची जागा अमरावतीनंतर की यवतमाळच्या आधी, हा प्रश्न शेवटी सुटतो. जाणता माणूस दौरा असाच आखतो. पण इथे ते कोणी सांगितलेले नसते, लांबचे टप्पे जास्त तापमानाला आणि जवळचे कमी तापमानाला आपोआप निवडले जातात.

उणिवाही सांगायला हव्यात. तापमान पुरेसे सावकाश उतरवले तर सर्वांत आखूड फेरी मिळणारच, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. पण त्यासाठी लागणारी सावकाशी इतकी प्रचंड की प्रत्यक्षात तिचा उपयोग नाही. व्यवहारात मिळते ती चांगली फेरी, आणि ती सर्वोत्तमच आहे याची हमी मिळत नाही. तापमान किती ठेवावे, किती वेगाने उतरवावे, हे प्रश्नागणिक प्रयोगानेच ठरवावे लागते. फक्त विक्रेत्याच्या फेरीचा विचार केला तर लिन आणि कर्निगन यांची १९७३ ची खास रीत सहसा अधिक झटपट काम करते. सिद्धतेच्या मार्गानेही मजल मोठी मारली. ॲपलगेट, बिक्स्बी, ख्वाताल आणि कुक यांच्या काँकॉर्ड या आज्ञावलीने २००६ मध्ये एका चिपवरच्या ८५,९०० बिंदूंची सर्वांत आखूड फेरी सिद्धतेसह दिली. तिचा पाया १९५४ चेच रेषीय प्रायोजन.

तरीही ॲनीलिंग टिकून आहे, आणि त्याचे कारण तिचा साधेपणा. पन्नास-साठ ओळींत ती लिहिता येते आणि प्रश्न बदलला तरी मोडत नाही. फेरीला वेळेच्या अटी लागल्या, अमुक दुकान दुपारी बंद, तमुक ठिकाणी माल सकाळीच हवा, टेम्पोत पोती मोजकीच मावतात, तर खास फेरीसाठी घडवलेल्या रीती पुन्हा घडवाव्या लागतात. ॲनीलिंगमध्ये फक्त खर्चाचा आकडा बदलायचा. महाविद्यालयाचे परीक्षेचे वेळापत्रक, यंत्रांवरच्या कामांचा क्रम, चिपची मांडणी, सगळीकडे तीच सोडत आणि तेच उतरते तापमान चालते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची फेरी या रीतीने काढून पाहावी. अंतराचा तक्ता मांडायला एक दिवस लागेल, आज्ञावलीला एक संध्याकाळ.

तक्ता मात्र ताजा असावा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ रोजी. तो वर्धा, वाशिम आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. त्यामुळे विदर्भाची फेरी किलोमीटरऐवजी तासांत मोजली तर नागपूर आणि पश्चिमेकडच्या जिल्ह्यांमधले आकडे पूर्वीचे राहिलेले नाहीत, आणि वर्ध्याची जागा नव्या आकड्यांवर पुन्हा काढावी लागते.